पोत्यापेक्षा चार शेर जास्त

माझ्याकडे माणसं आता कपडे शिवायला कमी आणि साखरेच्या आजाराचं विचारायला जास्त येतात. कुणाला नुकतंच कळलेलं असतं, कुणाची बायको दारातच डोळे पुसत उभी असते. प्रत्येकाला मी तेच ते सांगतो, तर ते एकदा लिहूनच ठेवा, असं सुनेने सुचवलं. मी डॉक्टर नाही. वडशाचा शिंपी आहे. ही गोष्ट घडली तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता, तांदूळ मणाशेरात मोजला जायचा, चाळीस शेरांचा एक मण, आणि मी छत्तीस वर्षांचा होतो.

आठ महिने मशीन आणि हिवाळ्यात नाटक, असा माझा संसार. धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी बैलांचे पट, म्हणजे शर्यती, होतात आणि पटाच्या रात्री नाटक होतं. आमच्या मंडळीत मी विनोदी काम करायचो. खरं सांगायचं तर काम थोडं आणि पोट जास्त. धान साठवायच्या बांबूच्या कणगीसारखा माझा घेर होता, म्हणून लोक मला कणगीच म्हणायचे. मी पडद्याआडून नुसता बाहेर आलो की हशा पिकायचा. तोंड उघडायची गरजच नसे. मला त्याचा अभिमान होता. लोकांच्या घरी एखादी गाय किंवा विहीर असते, तसं माझ्याकडे पोट होतं.

त्या वर्षी होळीनंतर मला सुईत दोरा ओवता येईना. नेढं दिसायचं, पण एकाची दोन दिसायची. मी म्हटलं, वय झालं. तहान इतकी लागायची की मशीनजवळचा तांब्या दुपारपर्यंत तीनदा भरावा लागे. मी म्हटलं, ऊन वाढलं. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली नव्या वहाणेने एक फोड आला होता, तो महिना झाला तरी मिटेना. त्यालाही मी काहीतरी म्हटलंच असेन. आपल्याला जे ऐकायचं नसतं, त्याच्यावर माणसाकडे उत्तरं भरपूर असतात.

माझी बायको गिरजा मात्र फार बोलणारी नव्हती. ती बघायची. एक दिवस सकाळी तिने मला घरामागे नेलं आणि चिंचेखाली, जिथे मी रोज लघवीला बसायचो, तिथली जागा दाखवली. मुंग्यांची काळी रांग लागली होती.

"माझ्या बापाच्या वक्ताले असंच झालं होतं," ती म्हणाली. "आज दुकान उघडाचं नाई. चांद्याले जाचं."

तिचा बाप एक पाय कापून घरी आला होता आणि त्यानंतर वर्षभरातच गेला होता. हे मला माहीत होतं. आम्ही दुपारची छोटी गाडी धरली.

दवाखाना

डॉक्टर पुण्याकडचे होते, वयस्कर, बोलणं अगदी छापील. त्यांच्या माणसाने माझी लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधात घातली आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरली. मी आणि गिरजा बाकावर बसून बघत होतो. निळं पाणी आधी हिरवं झालं, मग पिवळं, मग कौलासारखं लाल. तो माणूस आमच्याकडे न बघता नळी घेऊन आत गेला. त्या न बघण्यानेच मला कळलं.

डॉक्टरांनी पाय बराच वेळ पाहिला. दाबून विचारलं, दुखतं का. मी मोठ्या खुशीत सांगितलं की अजिबात दुखत नाही. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "दुखायला हवं होतं."

मग त्यांनी समजावलं. आजार जन्माचा आहे, पण त्याच्यासोबत जन्म काढता येतो. पाय वाचेल की नाही ते पंधरा दिवसांत ठरेल. आणि वजन उतरवलं नाही तर आज वाचलेला पाय पुढच्या वर्षी जाईल. भीती वाटली की मी नेहमी थट्टा करतो, तीच तेव्हाही केली. म्हटलं, "साहेब, पोट कमी झालं तर माह्या धंद्याचं कसं होईन?" ते हसले नाहीत. गिरजाही हसली नाही. लोक हसले नाहीत असं माझ्या आयुष्यात फार थोड्या वेळा झालं होतं.

मला भरती करून घेतलं. बारा दिवस. पहाटे नळी आणि दिवा, मग सुई, मग पायाची पट्टी, मग मोजून दिलेलं जेवण. पट्टी सोडताना मी छताकडे बघायचो आणि गिरजा पायाकडे बघायची. मी तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करायचो. पहिले चार दिवस तिथे काहीच लिहिलेलं नसायचं. एकदा न्हाणीघरात जाऊन, नळ मोठा सोडून मी रडलो. बाहेर आलो तर ती टॉवेल घेऊन दाराशी उभी होती. तिने तोंड पुसायला टॉवेल दिला, एवढंच.

शेजारच्या खाटेवर धानोऱ्याकडचे एक गोंड म्हातारे होते. मोहफुलं वेचायला गेले असताना अस्वलाने खांदा फाडला होता. मी नाटकात काम करतो हे कळल्यावर रोज संध्याकाळी ते मला काहीतरी करून दाखवायला लावायचे. मी खाटेवर बसून सावकाराची, भुताला भिणाऱ्या पाटलाची, जावयाची सोंगं करायचो. पांघरुणातून माझं फक्त तोंड बाहेर असायचं. म्हातारे हसायचे, टाके ओढले की कण्हायचे आणि पुन्हा "अजून एक" म्हणायचे. शेवटी सिस्टरने येऊन आम्हाला दोघांना रागावलं. जाताना तीही तोंड फिरवून हसत होती.

पाचव्या दिवशी पट्टी सुटली आणि गिरजाने माझ्या गुडघ्यावर हलकेच हात ठेवला. मी खाली बघितलं. जखमेच्या कडेला गुलाबी रंग आला होता.

तांदळाचा काटा

दवाखान्यात वजन पौंडात सांगितलं होतं, ते काही मला कळलं नव्हतं. म्हणून वडशाला आल्यावर मी सरळ तांदळाच्या गिरणीत गेलो. तिथले मापारी सदाशिवभाऊ माझ्या ओळखीचे, त्यांचे सदरे मीच शिवायचो. छताला टांगलेल्या मोठ्या काट्याच्या एका पारड्यात मी मांडी घालून बसलो, दुसऱ्यात त्यांनी मापं ठेवली. हमाल काम थांबवून उभे राहिले. अडीच मणाचं पोतं ठेवलं तरी माझं पारडं जमिनीवरच. मग चार शेर वर घातले तेव्हा काटा सरळ झाला.

"एका पोत्याहून चार शेर जादा," सदाशिवभाऊंनी हमालांना ओरडून सांगितलं, जसं व्यापाऱ्याला सांगतात तसं.

सगळे हसले, मीही हसलो. पण दुकानात येऊन मी शिंप्याच्या निळ्या खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहिलं: दोन मण चोवीस शेर. त्याच्याखाली लिहिलं: पोत्यापेक्षा हलकं व्हायचं.

खरं भांडण घरी झालं. आम्ही तीन वेळा भात खाणारी माणसं. सकाळी शिळा, दुपारी ताजा, रात्री पेज. डॉक्टरांनी एक वाटी भात सांगितला होता, तोही दुपारीच, बाकी ज्वारीची भाकर, भाजी, वरण आणि तलावातल्या मासोळ्या. गिरजाने पहिल्या दिवशी ती एक वाटी ताटात उपडी केली आणि स्वतःच उठून चुलीपाशी गेली. मला वाटलं तिला कीव आली. नंतर कळलं की तिलाही तेवढाच भात घ्यायचा होता, आणि तो माझ्यासमोर खाताना तिला रडू आलं असतं. तिला कुठलाही आजार नव्हता. मी तिला सांगितलं की तू पोटभर जेव. ती म्हणाली, "दोन चुली मांडता येत नाई मले."

पंधरा दिवसांनी पुन्हा काट्यावर बसलो. पाच शेर उतरले होते. पोत्यापेक्षा एक शेर हलका. सदाशिवभाऊंनी आपली टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. त्याच आठवड्यात एके सकाळी मी सवयीने सुई धरली आणि दोरा पहिल्याच झटक्यात आत गेला. मी तो काढला आणि पुन्हा ओवला. असं सात-आठ वेळा केलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला काहीच कळेना.

आणि मग माझ्या डोक्यात हवा गेली.

घाई

पंधरा दिवसांत पाच, तर महिन्याला दहा. पोळ्यापर्यंत दोन मणांवर. मी दारावर तसं मोठ्या अक्षरात लिहून टाकलं. भाकर अर्धी केली, भात बंद केला. मंगळवारी आणि शनिवारी काहीच खायचं नाही असं ठरवलं आणि घरी देवाचं नाव सांगितलं. गिरजा संशयाने बघायची. रोज गिरणीत जायला लागलो, कधी सकाळ-संध्याकाळ दोनदा. एक शेर उतरला की दिवस चांगला, नाही उतरला की मी मशीनवर कुणाशी धड बोलायचो नाही. एकदा अर्धा शेर वाढलेला निघाला, तर मी सदाशिवभाऊंना मापं खोटी आहेत म्हणालो. त्या भल्या माणसाने दुसरी मापं आणून पुन्हा तोललं. तेवढंच भरलं.

आणखी चार शेर उतरले. एका शनिवारी दुपारी, एका नवरदेवाचा कोट मशीनवर असताना, माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. जाग आली तेव्हा मी जमिनीवर होतो, डोकं गिरजाच्या मांडीवर होतं, आणि कोटाची बाही पाठीला शिवलेली होती.

तिने मला पाणी पाजलं, भाकर भरवली. मी उठून बसल्यावर मग ती बोलली. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, त्यात ती माझ्यावर पहिल्यांदाच अशी चिडली.

"माह्या बापानं काईच ऐकलं नाई म्हणून गेला. तुमी जास्त ऐकून जाऊन राह्यले. मले का फरक पडते?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा चांद्याची गाडी.

डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, एक कोट शिवायला किती दिवस लागतात? मी म्हटलं, चार. "आणि एका दिवसात शिवला तर?" गिरजाने मध्येच सांगून टाकलं की काल बाही पाठीला शिवली. तेव्हा मात्र ते हसले, अगदी मोठ्याने. मला एवढं बरं वाटलं की काय सांगू.

त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर शेकडो माणसांना सांगितलं असेल. पहिल्या पंधरा दिवसांत उतरतं ते सगळं चरबीचं नसतं, त्यात पाणीच बरंच असतं, ते बघून हिशेब मांडायचा नाही. महिन्याला दोन शेर पुष्कळ झाले. आठवड्यातून एकदाच तोलायचं, एकाच दिवशी, एकाच वेळी. आणि किती शेर उतरवायचे हे आपल्या हातात नसतं, पण आज किती चालायचं हे असतं, म्हणून ठरवायचं ते चालण्याचं ठरवायचं. शेवटी त्यांनी माझ्या गळ्यातल्या टेपेकडे बोट दाखवलं. घाईत निघताना ती गळ्यातच राहिली होती.

"या टेपने तुम्ही कधी स्वतःची कंबर मोजली आहे का?"

हजारो माणसांच्या कमरा मोजल्या होत्या. स्वतःची कधीच नाही. तिथेच मोजली. शेचाळीस इंच.

चालणं

मी दारावरचं मोठं अक्षर पुसलं. त्या जागी लिहिलं: उद्या स्टेशनपर्यंत. स्टेशन घरापासून हाकेच्या अंतरावर. गिरजाने वाचून विचारलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. ते आठ दिवस जमलं तेव्हा गिरणीपर्यंत लिहिलं. मग बाजारापलीकडच्या आमराईपर्यंत. मग वैनगंगेच्या वाटेवरच्या पहिल्या तलावापर्यंत.

पाय अजून जपायचा होता. रोज रात्री गिरजा कंदिलाजवळ बसून तळवा बघायची आणि वहाणेला आतून मऊ कापड लावलं होतं. एकट्याला सोडायचं नाही म्हणून तीही सोबत यायला लागली. आमच्या इकडे नवराबायको असे कामाशिवाय सोबत हिंडत नसत. पहिल्या दिवशी ती दहा पावलं मागून चालली. लोकांनी विचारलं, कुठे चालले? आम्ही दरवेळी नवीन काहीतरी सांगायचो. महिन्याभरात विचारणारे थकले, आणि ती शेजारून चालायला लागली.

चालता चालता बोलण्याखेरीज दुसरं काम नव्हतं. तिला लहानपणी नाटकात काम करावंसं वाटायचं हे मला तेव्हा कळलं. माझी सगळी सोंगं तिला पाठ होती. पाटलाचं सोंग मी चुकीचं करतो असं तिचं म्हणणं होतं. भिणारा माणूस ओरडत नाही, ती म्हणाली, तो फार हळू बोलतो. तिने तलावाच्या पाळीवर करून दाखवलं. मी हसून हसून खाली बसलो.

पावसाळ्यात नदीची वाट चिखलाने बंद झाली, तेव्हा आम्ही फलाटावर येरझाऱ्या घालायचो. स्टेशनमास्तरांनी तीन दिवस पाहिलं आणि चौथ्या दिवशी हळूच विचारलं, कोण यायचं आहे? गिरजा म्हणाली, "आमीच."

श्रावणात काटा अडला. दोन मण बारा शेर. पुढच्या आठवड्यात तेवढेच. पाच आठवडे तेवढेच. खाण्यात चूक नव्हती, चालण्यात खाडा नव्हता. पाचव्या आठवड्यात मी पारड्यातून उतरलो आणि मला वाटलं, संपलं, एवढंच होतं आपल्या नशिबात. सदाशिवभाऊ माझा हात धरून मला बाहेर घेऊन आले आणि म्हणाले, "टेप लावून पाह्य ना गा."

गिरणीच्या दारातच लावली. त्रेचाळीस. पाच आठवड्यांपूर्वी साडेचव्वेचाळीस होती. काटा जागचा हलला नव्हता, पण कंबर दीड इंच गेली होती. सदाशिवभाऊंनी पुन्हा हमालांना ओरडून सांगितलं. त्या वेळी कुणी हसलं नाही. एक जण म्हणाला, बरं झालं भाऊ.

पायाची जखम भाद्रपदात पूर्ण मिटली. गिरजाने त्या दिवशी एक वाटीभर खीर केली, आणि त्यातले दोन चमचे मला दिले.

उशी

कार्तिकात तालीम सुरू झाली तेव्हा मी दोन मण नऊ शेर होतो आणि जुने सगळे कपडे दोनदा आत घेऊन झाले होते. आमच्या मंडळीचे मालक दौलतभाऊ मला बघून आधी आनंदले, मग त्यांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, जिवावरचं टळलं हे चांगलंच, पण लोक कणगी बघायला येतात. तू शिंपी आहेस, एक उशी शिव आणि बांध पोटाला.

मला स्वतःलाही तीच भीती होती. दवाखान्यात मी डॉक्टरांना विचारलं होतं ते काही सगळं सोंग नव्हतं. पोट नसलेल्या मला कोण हसणार होतं? मी कापूस भरून चांगली गोल उशी शिवली, तिला नाड्या लावल्या. गिरजाने ती उचलून बघितली.

"हे बांधूनच जाचं होतं तं एवढं चाललो काऊन?"

पहिला प्रयोग वडशापासून दोन कोसांवरच्या गावात होता. मी उशी सोबत नेली. माझा प्रवेश यायच्या आधी बांधलीसुद्धा. मग सोडली आणि कपड्यांच्या पेटीवर ठेवून बाहेर आलो.

कुणीच हसलं नाही. हजारभर माणसं, पेट्रोमॅक्सचा उजेड, आणि शांतता. मी तोंड उघडलं तर माझं वाक्यच आठवेना. तेवढ्यात मागून एकाने विचारलं, "कणगी कुठी गेली गा?"

मला गिरजाचं बोलणं आठवलं. मी पाटलाच्या सोंगात होतो. ओरडलो नाही. इकडे तिकडे बघितलं, जसं कुणी ऐकेल, आणि फार हळू आवाजात म्हणालो, "बायकोनं रिकामी केली जी."

हशा आधी बायकांच्या बाजूने उठला. मग तो इतका पसरला की पेटीवाल्याने वाजवणं थांबवलं. गिरजा पदर तोंडात धरून बसली होती आणि तिच्या आजूबाजूच्या बायका तिला ढकलत होत्या. पाटलाचं ते काम मी शेवटपर्यंत तसंच हळू आवाजात केलं. लोक ऐकायला पुढे सरकले. त्यांना पोट बघायला पुढे यावं लागत नसे. माझं बोलणं ऐकायला ते पहिल्यांदाच पुढे आले होते.

जे आज नवीन आहेत त्यांच्यासाठी एक सांगतो. मी दोन मणांपर्यंत कधीच उतरलो नाही. दोन मण सहा शेरांवर थांबलो, पुढे किलो आले तरी तेवढाच राहिलो. कधी लग्नसराईत चार शेर चढले, ते दोन महिन्यांत उतरवले. साखर आजही आहे, मी आहे आणि दोन्ही पाय आहेत. डॉक्टर म्हणाले होते की हे जन्माचं आहे, तर जन्मभर जमेल तेवढंच ठरवावं. पहिल्या पंधरा दिवसांवर भाळू नका, अडलेल्या पाच आठवड्यांना घाबरू नका. आणि घरचं कुणी सोबत चालत असेल, तर त्याला दहा पावलं मागे ठेवू नका.

त्या रात्रीचं नाटक संपलं तेव्हा उजाडलं होतं. धानाच्या रिकाम्या बांध्यांवर धुकं होतं. दौलतभाऊंनी आमच्यासाठी बैलगाडी ठेवली होती, दरवर्षी ठेवायचे तशी, कारण आधी दोन कोस चालणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. गिरजा रात्रभर हसून आणि जागून थकली होती. मी तिला गाडीत बसवलं, तिच्या पाठीशी तणसाचा भारा लावला आणि गाडीवाल्याला निघायला सांगितलं.

गाडीवाल्याने बैल हळू धरले. थोड्या वेळाने त्याने मागे वळून विचारलं, भाऊ, बसाचं नाई का?

"हाकल तू," गिरजा डोळे मिटूनच म्हणाली. "ते येऊन राह्यले."

त्याने बैलांना हाकलं. मी गाडीच्या चाकाशेजारून वडशापर्यंत चालत आलो.